एका जुन्या अल्बमवरून



दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे झाले, मुलं-नातवंडं आपापल्या गावी परतली आणि आता कुठे टंकायला सवड मिळाली. या खेपेचा विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे. सांगलीतल्या सत्तरी ओलांडलेल्या मास्तरीणबाईने अमेरिकन गाण्यांवर लिहावं म्हणजे अतीच झालं, असं कुणाला वाटेल. मलाही वाटलं. पण पाडव्याच्या दिवशी आमच्या घरात जो वाद झाला तो डोक्यातून जाईना. उभा जन्म इतिहास शिकवण्यात गेलेला, त्यामुळे वादाच्या मुळाशी गेल्याशिवाय चैन पडत नाही.

तर झालं असं. आमचे चिरंजीव २००५ साली नोकरीनिमित्त अमेरिकेत ह्यूस्टनला होते. तिथून येताना आणलेल्या सीड्यांचं खोकं माझ्याकडेच पडून होतं. पाडव्याला सकाळी त्याने त्यातली एक काढून लावली. रँडी न्यूमन नावाच्या गायकाचा 'गुड ओल्ड बॉइज', साल १९७४. मागे व्हायोलिनं, छान चाल, गाणाऱ्याचा आवाज मात्र पडसं झाल्यासारखा. पहिलंच गाणं अर्ध्यावर आलं असेल नसेल, नात आतून आली. "बाबा, हे बंद कर."

"अगं, तो त्या माणसाची टिंगल करतोय."

"कळतंय मला. तरी बंद कर."

त्या गाण्यात काळ्या लोकांसाठी वापरली जाणारी ती अत्यंत हीन शिवी पुन्हा पुन्हा येते. चिरंजीवांचं म्हणणं, वंशद्वेषावर गोऱ्या माणसाने लिहिलेला इतका धाडसी अल्बम दुसरा नाही. नातीचं म्हणणं, धाडस करायचं होतं तर स्वतःच्या अंगावर घ्यायचं, दुसऱ्यांना बसणारी शिवी उधार घेऊन कसलं धाडस? पानं वाढलेली तशीच. शेवटी दोघंही माझ्याकडे वळली. "आई, तू सांग." "हो आजी, तूच सांग."

आता माझं इंग्रजी बीएच्या सक्तीच्या पेपरापुरतं. मी म्हटलं, आधी मला शब्द मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि ओळीओळीचा अर्थ सांगा. चार दुपारी त्यात गेल्या. त्यानंतर जे वाचलं, विचारलं, जुळवलं ते इथे मांडते आहे.

आधी हा गृहस्थ कोण ते. जन्म १९४३, लॉस एंजेलिस. घराणं संगीतकारांचं, म्हणजे अगदी हॉलिवूडच्या वाद्यवृंदातलं. तीन काका चित्रपटांना संगीत देणारे. त्यातले थोरले आल्फ्रेड न्यूमन, त्यांना नऊ ऑस्कर. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या सिनेमाआधी ढोल-तुताऱ्यांचा जो गजर व्हायचा तो त्यांचाच. आई न्यू ऑर्लिन्सची, म्हणून लहानपणाचे काही दिवस आणि सुट्ट्या तिकडे दक्षिणेत गेल्या. पहिला अल्बम १९६८ चा. सगळा वाद्यवृंद घेऊन केलेला आणि सपाटून पडलेला. इतका, की नको असेल तर परत करा आणि आमचा दुसरा कुठला तरी घेऊन जा, असं कंपनीनेच गिऱ्हाइकांना सांगितलं म्हणे. पुढे 'टॉय स्टोरी'मुळे (१९९५) हाच माणूस घराघरांतल्या पोरांचा लाडका झाला. आमची नातही त्यातच आली. तिला हा म्हणजे खेळण्यांच्या सिनेमातला प्रेमळ आजोबा. धक्का थोडा त्याचाही असावा.

त्याच्या गाण्यात 'मी' म्हणून जो बोलतो तो न्यूमन नसतो, ही खुबी कळली की बरंच उलगडतं. आपल्याकडे दिवाकरांच्या नाट्यछटा आहेत ना, तसंच. एक पात्र बोलत सुटतं, स्वतःला मोठं शहाणं आणि सज्जन समजतं, आणि बोलता बोलता स्वतःच उघडं पडतं. दिवाकरांनी ही तऱ्हा ब्राउनिंगवरून घेतली. न्यूमनने तीच सुरांत बसवली. १९७२ चं त्याचं 'सेल अवे' घ्या. चाल देवळात म्हणावी अशी, व्हायोलिनं तर डोळ्यांत पाणी आणणारी, आणि बोलणारा कोण? आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उभा राहून माणसांना गोडीगुलाबीने जहाजात चढवू पाहणारा गुलामांचा व्यापारी! वाद्यवृंदाचा असा उपयोग करता येतो हे मला ठाऊक नव्हतं. संगीत खोटं बोलतंय आणि आपण ऐकत राहतो.

आता त्या वादग्रस्त पहिल्या गाण्याकडे येते. नाव 'रेडनेक्स'. उन्हात राबून मानेची कातडी लाल झालेला दक्षिणेतला गरीब गोरा, त्याला हिणवायचा हा शब्द. गाण्यामागे एक खरी घटना आहे. लेस्टर मॅडॉक्स नावाचा अटलांटाचा एक हॉटेलवाला. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला आणि काळ्या गिऱ्हाइकांना आत घेणं भाग पडलं, तेव्हा यांनी पिस्तूल आणि कुऱ्हाडीचे दांडके दाखवून त्यांना पिटाळलं. पुढे हॉटेल बंद केलं पण नियम पाळला नाही. एवढ्या कर्तृत्वावर १९६६ च्या निवडणुकीतून गृहस्थ जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झाले! डिसेंबर १९७० मध्ये डिक कॅव्हेटच्या दूरदर्शनवरच्या मुलाखतीला गेले, तिथे खटका उडाला आणि कार्यक्रम चालू असताना उठून चालते झाले.

न्यूमनने तो कार्यक्रम पाहिला. त्याला मॅडॉक्सबद्दल प्रेम असण्याचं काही कारण नव्हतं. पण त्या माणसाला धड बोलूही न देता न्यूयॉर्कचे प्रेक्षक हुर्यो करताहेत, हे त्याला खटकलं. कसाही असला तरी एका राज्याने निवडून दिलेला माणूस. जॉर्जियातल्या एखाद्या साध्या माणसाला हे बघताना काय वाटलं असेल? तिथून गाणं सुचलं. गाण्यातला माणूस चिडलेला आहे. मुलाखतकाराला तो न्यूयॉर्कचा ज्यू ठरवून मोकळा होतो. प्रत्यक्षात कॅव्हेट नेब्रास्काचा, आणि ज्यू मुळीच नाही. ज्यू आहे तो गाणं लिहिणारा! मग हा माणूस स्वतःच्या लोकांचं अडाणीपण, दारू, काळ्यांना दाबून ठेवणं, सगळं हसत हसत कबूल करतो. आणि शेवटी बाजू उलटते. तो म्हणतो, तुम्ही उत्तरेतले मोठे सुधारक, तुमच्याकडे काळा माणूस स्वतंत्र आहे. कशाला स्वतंत्र? न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, शिकागोच्या साउथ साइडमध्ये, क्लीव्हलंडच्या हफमध्ये, बॉस्टनच्या रॉक्सबरीमध्ये पिंजऱ्यात राहायला स्वतंत्र. एकामागून एक गावं आणि वस्त्या तो मोजून दाखवतो.

हे नुसतं काव्य नव्हतं. अल्बम आला सप्टेंबर १९७४ मध्ये. त्याच महिन्यात बॉस्टनमध्ये न्यायालयाच्या हुकुमाने गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा एकत्र करायला सुरुवात झाली, आणि रॉक्सबरीच्या काळ्या मुलांना घेऊन जाणाऱ्या बसगाड्यांवर साउथ बॉस्टनमध्ये दगड पडले. स्वातंत्र्ययुद्ध जिथे पेटलं, गुलामगिरीविरोधी चळवळीचा जिथे बालेकिल्ला होता, त्या बॉस्टनमध्ये! शाळेच्या बसवर दगड म्हटलं की माझ्या पोटात आजही कालवतं.

तेव्हाही मतं दुभंगलीच होती. दक्षिणेच्या लोकांची न्यूमनने टवाळी केली असं काहींनी लिहिलं. 'व्हिलेज व्हॉइस'चे समीक्षक रॉबर्ट ख्रिस्टगाऊ यांनी ते साफ खोडून काढलं. या माणसांबद्दल गाण्यात तुच्छता कुठेच नाही, असं त्यांचं मत. गंमत म्हणजे दक्षिणेतल्या काही श्रोत्यांनी हे गाणं चक्क अभिमानगीत म्हणून डोक्यावर घेतलं. उपरोध लिहिणाऱ्याचं नशीबच असं. तीन वर्षांनी याच न्यूमनने बुटक्या माणसांचा द्वेष करणाऱ्या एका मूर्खाच्या तोंडी 'शॉर्ट पीपल' घातलं. ते यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं आणि खरोखरच्या बुटक्या माणसांना राग आला. मेरिलँडमध्ये एका लोकप्रतिनिधीने ते रेडिओवर लावायला कायद्याने बंदी घालायचा प्रयत्नही केला. द्वेषाची चेष्टा केली तर द्वेष करणारे खूश आणि ज्यांची बाजू घेतली ते नाराज!

इथपर्यंत आल्यावर मी मनातून चिरंजीवांच्या बाजूला झुकले होते. पण मग मला १९८० च्या सुमाराची एक गोष्ट आठवली. ती इथे लिहू की नको असं बरेच दिवस झालं. लिहिते.

तेव्हा मी एका खेडेगावातल्या शाळेत होते. स्नेहसंमेलनासाठी मी एक छोटी नाटिका लिहिली. गावातला एक बडा असामी पारावर बसून बोलतो आहे. विहिरीवर कुणाला येऊ द्यायचं नाही, कुणी कुठे बसायचं, जातीवाचक शब्दांची नुसती खैरात. समोर शहरातून आलेले सुधारक पाहुणे नाकं मुरडताहेत. आणि शेवटी तो असामी पाहुण्यांना विचारतो, तुमच्या घरच्या मोलकरणीला चहा कुठल्या कपात देता हो? पडदा. तो कप मला कुठे शोधायला जावा लागला नव्हता. आमच्याच घरात, मोरीच्या कोनाड्यात, दांडी तुटलेला, वेगळा ठेवलेला असायचा. सासूबाईंपुढे बोलायची माझी हिंमत नव्हती, म्हणून ते नाटिकेत आलं. टाळ्या खूप पडल्या. हेडमास्तरांनी पाठ थोपटली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी नववीतला एक मुलगा वर्गाबाहेर घुटमळत होता. वस्तीवरून येणारा, हुशार, इतिहासात नेहमी पहिला. म्हणाला, "बाई, शेवट कळला मला. चांगला होता. पण शेवट येईपर्यंत बसून राहावं लागलं." आणि गेला. पुढच्या आठवड्यात पोरं मधल्या सुट्टीत त्या असामीची नक्कल करत हिंडत होती. शेवटचा प्रश्न कुणाच्याच तोंडी नव्हता, शब्द तेवढे पाठ झाले होते. मी रागावून नक्कल बंद केली. त्याची माफी मात्र मागितली नाही. मागायची असते हेच तेव्हा सुचलं नाही.

'रेडनेक्स' परत ऐकलं तेव्हा हे सगळं वर आलं. गाण्याचा युक्तिवाद सोळा आणे खरा आहे. पण तो पोचेपर्यंत रॉक्सबरीच्या पोराने ऐकत बसायचं. न्यूमनचा समजूतदार श्रोता बहुतेक गोराच, कॉलेजात शिकलेला. त्याला स्वतःची लाज वाटावी म्हणून लिहिलेलं गाणं, पण शिवी ज्याला बसते तो त्या दिवाणखान्यात धरलेलाच नाही. माझ्या नाटिकेतही तो मुलगा मी धरला नव्हता. चौथ्या रांगेत बसला असूनही.

नातीला हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. माझा हात धरून बसली. चिरंजीव म्हणाले, "मग काय, अख्खा अल्बम फेकून द्यायचा?"

नाही. कारण याच अल्बममध्ये सहावं गाणं आहे, 'लुइझियाना १९२७'. आणि ते ऐकायला मी सांगलीची असल्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच कान आहेत.

१९२७ च्या वसंतात मिसिसिपी नदीने अमेरिकेच्या इतिहासातला सर्वांत भयंकर महापूर आणला. सुमारे सत्तर हजार चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून जास्त! सहा लाखांहून अधिक माणसं घराबाहेर. न्यू ऑर्लिन्सच्या सावकार-पेढीवाल्यांनी शहर वाचवायला काय केलं, तर २९ एप्रिलला शहराच्या खालच्या अंगाला कार्नार्व्हन इथला बांध सुरुंग लावून फोडवला आणि पाणी सेंट बर्नार्ड व प्लॅकमिन्स या गरिबांच्या मुलखावर सोडलं. भरपाईची आश्वासनं दिली, हातात पडलं ते नगण्य. आणि कहर म्हणजे फोडायची गरजच नव्हती. लगोलग वरच्या अंगाचे बांध आपोआप फुटले आणि शहरावरचा ताण तसाही उतरला.

न्यूमनच्या गाण्यात यातलं एकही भाषण नाही. एक साधा माणूस सांगतो आहे, वारं फिरलं, पाऊस लागला, नदी चढली. राष्ट्राध्यक्ष आगगाडीने बघायला आले. इतिहासाची शिक्षिका म्हणून इथे मी थांबले. राष्ट्राध्यक्ष कूलिज आलेच नव्हते! विनवण्या करूनही गेले नाहीत. गेले ते त्यांचे व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर. मदतकार्याचे ते प्रमुख, आणि त्या कामाच्या पुण्याईवर १९२८ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले. पण ही चूक मी लाल शाईने काढणार नाही. पूरग्रस्ताच्या आठवणीत आलेले आणि न आलेले पुढारी असेच एकमेकांत मिसळतात. आमच्याकडे २००५ ला नक्की कोण पाहणी करून गेलं आणि २०१९ ला कोण, हे आमच्या गल्लीत विचारून बघा.

त्याच निवडणुकीच्या वर्षी लुइझियानाचा गव्हर्नर झाला ह्यूई लाँग. शाळेच्या पोरांना फुकट पुस्तकं, रस्ते, पूल, आणि जोडीला निव्वळ हुकूमशाही. १९३५ मध्ये गोळी लागून मेला. अल्बममधलं सातवं गाणं या लाँगने स्वतः एका बँडमास्तराच्या साथीने रचलेलं प्रचारगीत आहे, आणि आठवं त्याच्यावर न्यूमनने लिहिलेलं. सहा, सात, आठ सलग ऐका. पुरात बुडालेला माणूस पुढाऱ्याच्या मागे का जातो, हे मी फळ्यावर तासभर लिहून सांगितलं असतं, ते दहा मिनिटांत होतं.

नातीने इथेही बोट ठेवलंच. या पुरात काळी माणसं कुठे आहेत? बरोबर. मिसिसिपी राज्यातल्या ग्रीनव्हिलला हजारो काळे मजूर बांधावरच अडकवून ठेवले होते. बोटी आल्या, त्यांत गोऱ्या बायका-मुलं गेली. मजूर गेले तर परत यायचे नाहीत अशी जमीनदारांना भीती. बंदुकांच्या पहाऱ्यात काम, गळ्यात बिल्ला असेल तर शिधा. गाण्यात त्यांचा उल्लेख नाही. गाणारा गोरा शेतकरी आहे, त्याला ते दिसतच नाहीत.

पण पुढे जे झालं ते न्यूमनच्या हातातलं नव्हतं. न्यू ऑर्लिन्सच्याच एरन नेव्हिल या काळ्या गायकाने १९९१ मध्ये हे गाणं आपल्या अल्बममध्ये घेतलं. मग २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना वादळ आलं, बांध फुटले आणि शहराचा मोठा भाग बुडाला. छपरांवर अडकलेली माणसं जगाने दूरदर्शनवर पाहिली, त्यांत बहुतेक काळी. चारच दिवसांनी, २ सप्टेंबरला, मदतनिधीच्या थेट कार्यक्रमात नेव्हिलने हेच गाणं म्हटलं. गोऱ्या शेतकऱ्यासाठी लिहिलेली तक्रार, पण आता त्या आवाजात गाणारा माणूस बदलला होता. शब्द जवळपास तेच. न्यूमननेही त्याच साली मदतनिधीच्या अल्बमसाठी ते लुइझियाना फिलहार्मोनिकच्या वादकांना घेऊन पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. 'सेल अवे'चंही असंच आहे. ते पुढे एटा जेम्सने आणि रे चार्ल्सने म्हटलं. गुलामांच्या व्यापाऱ्याचं बोलणं गुलामांच्या वंशजांच्या गळ्यातून!

चिरंजीव तेव्हा ह्यूस्टनलाच होते. न्यू ऑर्लिन्सहून बसगाड्या भरभरून लोक तिथल्या अ‍ॅस्ट्रोडोम स्टेडियममध्ये आणले गेले. हा दोन शनिवार तिथे पांघरुणं वाटायला गेला होता. त्याच्या महिनाभर आधी इथे कृष्णेचं पाणी आमच्या जिन्याच्या पाचव्या पायरीवर होतं आणि फोन बंद. त्याला आमची खबर चार दिवस नव्हती. सीडी त्याने तेव्हा घेतली. हे मला वीस वर्षांत कधी बोलला नव्हता, या वादात बोलला. नातीनेही ते पहिल्यांदाच ऐकलं.

भाऊबीजेला रात्री नातीने तिच्या फोनवर नेव्हिलचं 'लुइझियाना' लावलं. बापलेक दोघं शेजारी बसून ऐकत होती. भांडण मिटलं असं नव्हे. 'रेडनेक्स'वर ती अजून ठाम आहे आणि तोही. मला विचाराल तर त्या पोराला मी वर्गात बसवून ते गाणं ऐकवणार नाही, आणि बॉस्टनच्या त्या समाधानी मंडळींना मात्र जरूर ऐकवेन.

सीडी इथेच राहिली आहे. जाताना नात डबीवर चिठ्ठी चिकटवून गेली: "आजी, एक नंबर सोड. सहावं लाव." सहाव्यावर जायचं बटण कुठलं, ते मात्र लिहायला विसरली.